दातांच्या खुर्चीतलं जेट इंजिन

आमच्या व्याह्यांइतका शांत, सभ्य आणि धोकादायक माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा सापडणार नाही, हे मी पूर्ण जबाबदारीनं लिहितो आहे. पेशानं ते दातांचे डॉक्टर. रामदासपेठेत दवाखाना, धरमपेठेत घर, अंगात कायम इस्त्रीचा फिकट निळा शर्ट, आणि आवाज इतका मऊ की दाढ काढायला आलेली लहान मुलं त्यांच्या खुर्चीत पेंगायला लागतात. अशा माणसाबद्दल मुलीच्या बापाला आणखी काय माहिती हवी असते? मीही फार चौकशी केली नाही. लग्न झालं, आमची केतकी त्या घरी नांदायला गेली, आणि पहिल्या दिवाळीला आम्ही दोघं तिच्या सासरी फराळाला गेलो. मी अनारसा तोंडाजवळ नेला आणि मागच्या खोलीतून आधी एक बारीक शिट्टी आली, मग विमान डोक्यावरून जावं तसा आवाज. कपाटातल्या काचेच्या बश्या थरथरल्या. मी अनारसा खाली ठेवला. केतकी चहा गाळता गाळता म्हणाली, "काही नाही बाबा. पप्पांनी जेट इंजिन सुरू केलंय."

मागच्या खोलीत जाऊन पाहतो तो व्याही पायजम्यावर उभे. डोळ्यांवर दवाखान्यातला चष्मा, तोंडाला मास्क, आणि समोर टेबलाच्या शिकंज्यात लोणच्याच्या बरणीएवढं एक स्टीलचं यंत्र. त्याच्या मागच्या तोंडातून गरम हवा येत होती आणि भिंतीवरचा रंग करपून तपकिरी झालेला होता. मला पाहून त्यांनी यंत्र बंद केलं, मास्क खाली ओढला आणि अगत्यानं म्हणाले, "या, इवाई, या. फक्त बाजूनं नका उभे राहू. तुटलं तर चाक बाजूनं निघते."

इवाई म्हणजे व्याही; आमच्या भागात हाक मारायची ती अशीच. पण त्या दिवसापासून ही हाक ऐकली की मी आधी दोन पावलं सरकतो आणि मग ओ देतो.

हे यंत्र काय आहे, ते त्यांनी मला अनारसे संपेपर्यंत समजावलं. "समोरून हवा आत ओढते. मधात डिझेल जळते. मांगून गरम वारा निघते, आणि निघता निघता मागचं चाक फिरवते. त्याच दांड्यावर समोरचं चाक आहे, म्हणून ते पुन्हा हवा ओढते. एकदा सुरू झालं की याले कोणाची गरज नाही, इवाई. स्वतःच्या दमावर चालते." मी सरकारी नोकरीत आयुष्य काढलेला माणूस. स्वतःच्या दमावर चालणारी गोष्ट मी फारशी पाहिलेली नव्हती, त्यामुळे मान डोलावली. बाहेर आल्यावर बायकोनं विचारलं, "काय आहे हो ते?" मी म्हटलं, "शोभेची वस्तू आहे." ती म्हणाली, "मग बश्या काहून हलल्या?"

या वेडाचं मूळ दवाखान्यातच आहे, असं व्याही सांगतात. दात कोरायच्या ड्रिलच्या टोकात हवेवर फिरणारं एक इवलंसं चाक असतं. तेही टर्बाईनच. बाकीचे दंतवैद्य ड्रिल दातावर धरतात आणि काम संपलं की घरी जातात. आमच्या व्याह्यांनी ते उघडून पाहिलं, आणि त्यातून पुढचं सगळं झालं. पेशंटलाही सुटका नाही. तोंड उघडं, गालात कापसाचे बोळे, आणि कानाशी हा मऊ आवाज इंजिनाच्या पोटातल्या आगीबद्दल बोलत असतो. आगीला हवा कुठून किती द्यायची, त्यासाठी पत्र्याला भोकं कुठं पाडायची, हा त्यांचा जुना छळवाद. एकदा एका पेशंटनं हे ऐकता ऐकता जोरजोरात हातवारे करायला सुरुवात केली. व्याह्यांना वाटलं, हा इंजिनिअर दिसतो, भोकांबद्दल काही सुचवून राहिला आहे. त्यांनी उत्सुकतेनं हातातलं काम थांबवलं, बोळे काढले आणि म्हणाले, "हां, बोला." पेशंट म्हणाला, "दुखतंय."

घरात विहीणबाईंचे वेगळे हाल. इंजिनाचं बाहेरचं कवच चांगल्या स्टीलचं लागतं, आणि चांगलं स्टील घरात एकाच ठिकाणी असतं. पोह्यांचा डबा, पिठाचा डबा, एकदा तर माहेरून आलेला नाव घातलेला घागरीसारखा मोठा डबा, असे एकेक करून विहीणबाईंचे डबे त्या मागच्या खोलीत गेले आणि परत आले ते निळे-जांभळे होऊन. इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानात व्याही मोजमापाचा चिमटा घेऊन जातात, पातेल्याच्या काठाची जाडी मोजतात, डबा बोटानं वाजवून पाहतात आणि "पत्रा पातळ आहे" म्हणून परत ठेवतात. दुकानदाराला वाटतं, फार चोखंदळ संसारी माणूस आहे. शेवटी विहीणबाईंनी उरलेले चांगले डबे पिशवीत भरले आणि आमच्याकडे आणून ठेवले. बायकोनं त्यांच्यासाठी वरची फळी मोकळी करून दिली.

पण व्याह्यांचा खरा भरवसा होता तो कानावर. पंखा, कूलर, पिठाची गिरणी, ऑटोचं चाक, जे जे फिरतं त्याचा आवाज ते दुरून ऐकायचे आणि त्याचं भविष्य सांगायचे. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते अक्षता मुठीत घेऊन मांडवामागे निघून गेले. मी शोधत गेलो तर जनरेटरसमोर मान तिरपी करून उभे. तिथल्या माणसाला ते अजिजीनं सांगत होते, "भाऊ, याचं बेअरिंग चाललं. पंगत बसायच्या आधी दुसरा मागवून घ्या." तो माणूस हसला. पंगत बसली, मठ्ठा वाढला आणि अंधार झाला. अंधारात माझ्या शेजारून मऊ आवाज आला, "आवाज आधी सांगते, इवाई. मग तुटते. लोक ऐकतच नाही."

इंजिन धरमपेठेतून हललं ते कुरडयांमुळे. त्याचं असं होतं की सुरू करताना ते पेटलं नाही, तर न जळलेलं डिझेल त्याच्या पोटात साचून राहतं. ते ओतून काढल्याशिवाय पुन्हा ठिणगी दिली, तर सगळं एकदम पेट घेतं आणि मागून ज्वाळा निघते. व्याह्यांना हे पक्कं माहीत होतं; तरी उन्हाळ्यातल्या एका सकाळी गच्चीवर चाचणी घेताना, खाली पेशंटचा फोन वाजला आणि मध्ये ओतायचं राहून गेलं. ज्वाळा कठड्यावरून शेजारच्या गच्चीत गेली. तिथं शेजारच्या काकूंनी कुरडया वाळत घातल्या होत्या. त्या जागच्या जागी भाजून निघाल्या. कोणाला काही झालं नाही, पण काकू तिथून नुकत्याच खाली उतरल्या होत्या, हे कळलं तेव्हा व्याही पायरीवर बसले ते बराच वेळ उठले नाहीत. संध्याकाळी ते माफी मागायला गेले, आणि काकूंची कवळी सैल झाली आहे हे लक्षात आल्यावर ती नीट करून दिली. दुसऱ्या दिवशी सगळं सामान गाडीत घालून मौद्याकडच्या त्यांच्या शेतावर नेलं.

शेतावर एक टिनाची शेड आहे. दवाखान्यातली जुनी, झिजलेली दातांची खुर्ची त्यांनी तिथं जमिनीत बोल्टांनी बसवली. डोकं टेकायच्या जागी लोखंडी पट्ट्यांनी इंजिन आवळलं. वर खुर्चीचा तो पांढरा दिवा. पायाशी पूर्वी ड्रिल चालवायचं पेडल होतं, ते आता लांब वायरनं डिझेलच्या पंपाला जोडून दूर ठेवलं. पेडल दाबलं की डिझेल जातं, पाय उचलला की बंद. जमिनीवर खडूनं एक जाड रेघ मारली. इंजिन चालू असताना कोणीही रेघेच्या आत यायचं नाही, असा नियम. सगळं फार व्यवस्थित होतं. फक्त शेतावर ते एकटे जायचे, आणि काही झालं तर हाक मारायला जवळपास कोणी नव्हतं. म्हणून विहीणबाईंचा मला फोन आला. "भाऊ, मी सांगून ऐकत नाहीत. तुम्ही संग जात जा न. तुमच्यापुढं ते जरा जपून राहतात." मुलीच्या सासूनं केलेली विनंती नाकारायची पद्धत अजून निघालेली नाही. बायकोनं मला सुती शर्ट काढून दिला. नायलॉनचा पेट घेतो, एवढंच ती म्हणाली.

अशा रीतीनं माझी दर रविवारची सकाळ शेतावर जायला लागली. जाताना व्याही गाडीत आनंदात असायचे. मी भंडारा रोडवरची झाडं शेवटची पाहतोय अशा नजरेनं पाहत असायचो.

तोवर त्यांच्या इंजिनांत मागचं चाक विकत आणलेलं असायचं. गेल्या वर्षी त्यांनी ठरवलं की चाक आपणच ओतायचं. दातांवर बसवायच्या धातूच्या टोप्या जशा करतात तसंच: आधी मेणाचं चाक कोरायचं, भोवती साच्याचं प्लास्टर ओतायचं, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. धातूही तोच, कवळीच्या सापळ्याचा, कारण तो उष्णतेला दाद देत नाही. मेणाची पाती त्यांनी दाढा कोरायच्या हत्यारानं कोरली. पहिली पाती दाढांसारखीच झाली, हे त्यांनी स्वतःच हसत दाखवलं. किती चाकं त्यांनी वितळवून पुन्हा ओतली ते मला माहीत नाही. शेवटी एक मनासारखं उतरलं. मग त्यांनी दवाखान्यातल्या मशीनवर त्या चाकाचा एक्स-रे काढला, एकेका पात्याचा वेगळा. विहीणबाई मला म्हणाल्या, "स्वतःच्या गुडघ्याचा काढा म्हटलं तर वेळ नाही. चाकाचे फोटो बैठकीत लावून ठेवले."

मी ते फोटो पाहिले. पाती स्वच्छ होती. मधला भाग मात्र सगळा पांढराफटक.

"हे मधलं?" मी विचारलं.

"जाड आहे. तिथून किरण पार जात नाही." ते म्हणाले. "आत पोकळी असली तर दिसणार नाही."

"मग?"

"चालवूनच समजते, इवाई."

त्या रविवारी धान कापून झालेलं होतं. बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, उघड्या पडल्या होत्या आणि हवेत गारठा होता. व्याह्यांनी ओली पोती शेडभर पसरली, आग विझवायचं नळकांडं माझ्या उजव्या हाताला ठेवलं आणि डिझेलच्या कॅनमधून निघालेली रबरी नळी माझ्या डाव्या हातात दिली. "काही बिघडलं आणि माझा पाय उचलला गेला नाही, तर ही दुमडा. पण मी हात वर केल्याशिवाय नाही. चालू इंजिनचं डिझेल उगीच तोडलं की मले फार राग येते." त्यांना राग येतो ही माहिती मला नवी होती. माझ्या कानात त्यांनी कापूस घातला, दवाखान्यातला, नीट बोळे करून. स्वतःच्या कानात नाही. "कान बंद करून काय ऐकायचं?" म्हणाले.

पहिल्यांदा ते पेटलं नाही. समोरून ब्लोअरनं हवा दिली, पेटवण्यापुरता गॅस सोडला, ठिणगी दिली. नुसता फुसफुस आवाज झाला आणि मागून पांढरा धूर आला. व्याह्यांनी सगळं बंद केलं. खुर्चीचा दांडा ओढून ती पुढे कलवली, खाली स्टीलची वाटी धरली आणि इंजिनाला म्हणाले, "थुंका." साचलेलं डिझेल वाटीत गळलं. तेवढ्यात मला हसू आलं आणि त्या सकाळी तेवढंच आलं.

दुसऱ्यांदा ठिणगी दिली तेव्हा आतून 'धप्प' असा आवाज आला, आणि मागून पिवळी ज्वाळा निघून लगेच आत गेली. व्याह्यांनी पेडलवर हलकेच पाय ठेवला. शिट्टी सुरू झाली. ती चढत गेली, तिच्याखाली गडगडाट भरत गेला. मागचं तोंड मंद लाल झालं आणि पुन्हा काळं पडलं. त्यांनी ब्लोअर काढून घेतला. मला वाटलं आता ते विझेल. विझलं नाही. त्यांनी स्वतः कोरलेलं, स्वतः ओतलेलं ते चाक स्वतःच्या दमावर फिरत होतं. व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं. चष्म्यामागे त्यांचे डोळे लग्नात मुलाला बोहल्यावर पाहताना झाले होते तसे झाले होते.

मग त्यांनी पेडल आणखी दाबलं. टिनाचे पत्रे थरथरायला लागले. मी नळी घट्ट धरून त्यांच्या हाताकडे पाहत होतो. हात वर होत नव्हता. उलट, त्यांनी पायानं पेडल पुढे सरकवायला सुरुवात केली. वायर ताणली गेली. आधी पेडल रेघेच्या आत गेलं, मग त्यांच्या मागोमाग तेही गेले, आणि खुर्चीच्या अगदी बाजूला, जिथं उभं राहू नका असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तिथं मान तिरपी करून उभे राहिले.

तेव्हाच मला तो दुसरा आवाज ऐकू आला. गडगडाटाच्या वर, शिट्टीच्याही वर, काचेवर खिळा ओढावा तसा बारीक. आला, गेला, पुन्हा आला आणि मग थांबेना. माझ्या कानातल्या कापसातून तो आत येत होता. मी व्याह्यांकडे पाहिलं. ते हसत होते. एखादी ओळखीची चाल ऐकताना माणूस हसतो तसे, समाधानानं. मला वाटलं, हा आवाज चांगला असेल. यंत्रातलं मला काय कळतं? जनरेटरचं मरण ओळखणारा माणूस शेजारी उभा आहे आणि हसतो आहे, म्हणजे ठीकच असणार.

पण तो आवाज वाढत होता, आणि त्यात आता खरखर मिसळली होती. मी ओरडलो, "डॉक्टर." त्यांनी वळून पाहिलं नाही. पुन्हा ओरडलो. त्यांचा हात खाली होता, पाय पेडलवर होता, आणि चाकाच्या सरळ रेषेत त्यांची छाती होती.

मी नळी दुमडली. दोन्ही हातांनी दुमडून मांडीखाली दाबून बसलोच मी तिच्यावर.

गडगडाट तुटला. चाक फिरत राहिलं, किंचाळत राहिलं, मग कचकच करत एकदम थांबलं. जेट इंजिन असं एकदम थांबत नाही, हे तोवर मलाही माहीत झालं होतं. व्याही माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"काहून बंद केलं?" ते म्हणाले. आवाज मऊच होता. "किती मस्त चालून राहिलं होतं. मी हात वर केला होता का?"

"आवाज येत होता," मी म्हटलं.

"कसला आवाज?"

"किंचाळल्यासारखा. बारीक. बराच वेळ येत होता."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग इंजिनाकडे पाहिलं. गार होईपर्यंत आम्ही बांधावर बसलो. थर्मासमधला चहा त्यांनी मला दिला, स्वतः घेतला नाही. मग आत जाऊन त्यांनी पाना घेतला आणि इंजिन उघडलं. मागचं बेअरिंग गेलं होतं. गोळ्या निळ्या पडल्या होत्या, त्यांना धरून ठेवणारी कडी तुटून तुकडे झाली होती. तेल जायच्या बारीक छिद्रात साच्याच्या प्लास्टरचा एक कण अडकलेला सापडला. चाक धक्क्यानं एका बाजूला झुकून कवचाला घासलं होतं आणि कवचावर चकचकीत ओरखडा उमटला होता. चाक मात्र शाबूत होतं. त्यांनी ते तळहातावर घेतलं, मग तो ओरखडा अंगठ्यानं चाचपला.

"अजून थोडं चाललं असतं तर..." ते म्हणाले, आणि आपण कुठं उभे होतो तिकडे पाहिलं.

मग चाक खाली ठेवून म्हणाले, "इवाई, हा आवाज तुम्हाले कापसातून आला?"

"हो."

"मले नाही आला. मी जवळ गेलो तरी नाही आला." ते खुर्चीच्या पायरीवर बसले. "दवाखान्यात नवीन ड्रिल आणलं न, त्याची मी सगळ्यांजवळ तारीफ करून राहिलो. म्हटलं, काय मशीन बनवली, आवाजच नाही. कंपाउंडर नुसता पाहत होता माझ्याकडे."

आयुष्यभर ड्रिल आणि वरून ही इंजिनं. त्यांच्या कानातून वरचे सूर एकेक करून निघून गेले होते आणि त्यांना वाटत होतं, जग तेलपाणी केल्यासारखं गुळगुळीत चाललं आहे. मी त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनी एवढंच विचारलं, "घरी सांगा लागेल?" मी म्हटलं, "लागेल." ते म्हणाले, "मीच सांगतो."

परतताना गाडी त्यांनी मला चालवायला दिली. घरी विहीणबाईंनी आमचे चेहरे पाहिले आणि काही न विचारता पानं घेतली. व्याह्यांनी वरणभात कालवला, पण घास उचलला नाही. जे झालं ते त्यांनी सगळं सांगितलं, रेघेच्या आत गेलो हेही सांगितलं. शेवटी म्हणाले, "मले बारीक आवाज ऐकू येत नाही वाटते."

विहीणबाई त्यांच्या उजव्या बाजूला बसल्या होत्या. म्हणाल्या, "मले माहीत आहे. कुकरची शिट्टी तुम्हाले येत नाही, दाराची बेल येत नाही. म्हणून तर मी या बाजूनं बसून राहिली. हा कान बरा आहे तुमचा."

"मंग सांगितलं काहून नाही वं?"

"तुम्ही त्या कानाच्या भरवशावर जगून राहिले होते," त्या म्हणाल्या. मग त्यांनी आपलं ताट बाजूला सारलं. "पण आज सांगाले पाहिजे होतं असं वाटते. तुम्ही त्या चाकासमोर उभे होते." त्या उठून आत गेल्या. केतकी त्यांच्या मागे गेली. व्याही कालवलेल्या भाताकडे पाहत बसले, आणि मी पहिल्यांदा त्या घरात भीतीशिवाय बसलो होतो, तरी मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

पुढं कानाचं मशीन आलं. घरात ते लावतात. विहीणबाई म्हणतात, आता निदान बेल ऐकू येते. पण इंजिनासमोर ते मशीन कामाचं नाही, सगळाच गोंधळ वाढवतं. शेड महिनोन्‌महिने बंद होती. मला वाटलं, संपलं. माझे रविवार मोकळे झाले, आणि मी सकाळी पेपर वाचताना उगीचच घड्याळाकडे पाहायला लागलो. मग एका सकाळी दारात गाडी थांबली. व्याही आत आले, बायकोला म्हणाले, "ईनबाई, यांले नेऊ का?" बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि सुती शर्ट आणायला गेली.

नवं बेअरिंग, धुऊन पुसून घेतलेला तेलाचा मार्ग, आणि तेच चाक. या वेळी पेडल रेघेच्या बाहेर जमिनीत पक्कं ठोकलेलं होतं. नळी माझ्या हातात. नियमही बदलला होता: हात वर करायचा तो मी, आणि मी हात वर केला की ते पाय उचलणार. चालू असताना त्यांनी इंजिनाकडे एकदाही पाहिलं नाही. ते माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते. मी जन्मात कधी इतकं लक्ष देऊन काही ऐकलं नसेल. गडगडाट, त्यावर शिट्टी, शिट्टीच्या वर काही नाही. पुन्हा ऐकलं. काही नाही. मी मान हलवली, ते पेडल आणखी दाबत गेले, आणि ते चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं, कॅनमधलं डिझेल तळाला लागेपर्यंत.

गडगडाट विझला. आता फक्त फिरणाऱ्या चाकाची शिट्टी उरली होती, वरच्या पट्टीतली, स्वच्छ. व्याही मात्र नुसते उभे होते. त्यांच्या बाजूला सगळं शांत झालेलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

"येऊन राहिली?" त्यांनी विचारलं.

"येते आहे," मी म्हटलं. "खाली उतरते आहे. सावकाश."

ते मान तिरपी करून थांबले. शिट्टी उतरत होती, पट्टी सोडत होती, हळूहळू जाड होत होती. मी त्यांच्याकडे पाहत होतो. एका क्षणी त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या आणि त्यांनी एक बोट उचललं.

"आली," ते म्हणाले.

मग चाक थांबेपर्यंत आम्ही दोघं ऐकत राहिलो.